चाळीस किलोची डिस्क, दहा हजार आरपीएम आणि तुमची तीनचाकी

आधी एक विनंती, मग बाकीचं सविस्तर. ती डिस्क या आठवड्यात फिरवू नका. शेडमध्ये नको, भाच्याला शेजारी उभं करून तर मुळीच नको. का ते पुढे आकड्यांसकट सांगतो. ते वाचूनही फिरवावीशी वाटली तर मला परत लिहा, पण त्याआधी स्विच दाबू नका.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कऱ्हाडजवळ तुमचं वर्कशॉप आहे, जुन्या रिक्षांना मोटर आणि बॅटरी बसवून देता. गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या बॅटरीतून धूर निघाला, तेव्हापासून लोक बॅटरीच्या नावाने बिचकतात. तुमचं म्हणणं, फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे वेगाने फिरत राहून ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकात, केमिकल नाही, आगीची भीती नाही, चार्ज-डिस्चार्जने ते म्हातारं होत नाही. मग बॅटरी अर्धी करून उरलेलं काम, विशेषतः घाट उतरताना मिळणारी ऊर्जा साठवण्याचं, फ्लायव्हीलला का देऊ नये? त्यासाठी तुम्ही एम.एस. (साध्या पोलादी) प्लेटमधून १६ इंच व्यासाची, ४० मिलिमीटर जाडीची, साधारण ४० किलोची डिस्क लेथवर उतरवलीय आणि ती १०,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी, फिरवायचा विचार आहे.

प्रश्न चांगला आहे. मी पंचवीसेक वर्षं फिरणाऱ्या वस्तूंबरोबर काम करतोय. टर्बोचार्जरचे रोटर, ब्लोअरचे इंपेलर, प्रेसची फ्लायव्हीलं, त्यांचं बॅलन्सिंग आणि ओव्हरस्पीड चाचण्या. तुमच्यासारखाच विचार करणारे हुशार लोक ऐंशी वर्षांपासून होऊन गेलेत आणि काहींनी तो रस्त्यावर उतरवूनही दाखवलाय. त्यामुळे ‘हे होतच नाही’ असं मी म्हणणार नाही. कुठे होतं आणि तुमच्या रिक्षात का होत नाही, एवढंच सांगतो.

आधी साठा किती ते पाहू. तुमची डिस्क १०,००० आरपीएमला फिरली की तिच्यात सुमारे ४.४ लाख जूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत ०.१२ युनिट. भरलेली तीनचाकी किलोमीटरला ०.०६ ते ०.०८ युनिट खाते असं धरलं, तर कागदावर दीड-दोन किलोमीटर. त्यातही सगळी ऊर्जा काढता येत नाही. वेग निम्म्यावर आणला की पाऊण साठा निघतो आणि त्याखाली मोटरकडून नीट काम होत नाही. जाता-येताचं नुकसान धरलं की हातात राहतो जेमतेम एक किलोमीटर. चाळीस किलोचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा पॅक घेतलात तर त्यात चारेक युनिट बसतात. म्हणजे वजनाला वजन ठेवलं तर तीस-पस्तीस पटींचा फरक, आणि यात फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कवचाचं वजन अजून धरलेलंच नाही.

आता घाटाचं. समजा ५०० मीटर उंची उतरायची आहे आणि गाडी माणसं-मालासकट ८०० किलोची आहे. उतारावर सुटणारी ऊर्जा होते १.१ युनिट. टायरच्या घर्षणात, हवेत आणि मोटर-कंट्रोलरमध्ये अर्ध्याहून जास्त जाते, तरी अर्ध्या युनिटाच्या आसपास परत घेता येते. ही तुमच्या डिस्कच्या क्षमतेच्या चौपट आहे. घाटाच्या पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्येच ती गच्च भरेल आणि पुढचा सगळा उतार तुम्ही ब्रेकवरच उतराल. ज्या कामासाठी ती बसवायची, नेमकं तेच काम तिच्याकडून होत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग वेग वाढवू. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे तुम्ही लिहिलंय आणि ते बरोबर आहे. पण धातूतला ताणही वेगाच्याच वर्गाने वाढतो. ऊर्जा दुप्पट केली की ताण दुप्पट. फ्लायव्हीलमध्ये जास्त ऊर्जा म्हणजे धातूच्या अंगात तेवढीच जास्त ओढ. म्हणून कुठल्याही फ्लायव्हीलची किलोमागे क्षमता किती, हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं: त्याच्या मटेरियलची ताकद भागिले त्याची घनता. पोलाद ताकदवान आहे पण जड आहे. कार्बन फायबर ताकदवान आणि हलकं आहे, म्हणून वेगवान फ्लायव्हीलं त्याची करतात. एम.एस. या शर्यतीत सगळ्यात मागे.

तुमच्या डिस्कचाच हिशेब घ्या. १०,००० आरपीएमला तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २१० मीटर, म्हणजे ताशी साडेसातशे किलोमीटर. अखंड डिस्क असती, मध्ये भोक नसतं, तर केंद्राजवळचा ताण १४० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपास राहिला असता. पण तुम्ही शाफ्टसाठी मध्ये बोअर पाडलाय. डिस्कच्या मध्यभागी कितीही छोटं भोक पाडा, भोकाच्या काठावरचा ताण एकदम दुप्पट होतो. हे ऐकून बऱ्याच अनुभवी टर्नरना धक्का बसतो, कारण भोक लहान तर फरक लहान असंच मनाला वाटतं. तसं होत नाही. तुमच्या बोअरच्या काठावर २८० मेगापास्कलहून जास्त ताण येणार आणि साधं एम.एस. २५० च्या आसपास कायमचं ताणलं जातं. त्यात बोअरला की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, कापलाय, म्हणजे धारदार कोपरे आले. तिथे ताण आणखी वाढतो. दहा हजारला पोचेपर्यंत बोअर फाकायला लागेल, डिस्क शाफ्टवर सैल होईल, बॅलन्स जाईल आणि थरथर सुरू होईल. कानाला ते कळेल तेव्हा मोटर बंद करूनही उपयोग नसतो, कारण ऊर्जा मोटरमध्ये नाही, डिस्कमध्ये आहे.

ती तीन तुकड्यांत फुटली असं धरा. पोलादी डिस्क बहुतेक वेळा अशीच दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फुटते. तेरा-तेरा किलोचे तुकडे, प्रत्येक ताशी चारशे किलोमीटरच्या वेगाने, कुठल्या दिशेने ते आधी सांगता येत नाही. एकूण ऊर्जा एक टनाची गाडी ताशी १०५ किलोमीटरने भिंतीवर आदळावी तेवढी. शेडचा पत्रा त्याच्यासमोर कागद आहे, आणि वीटबांधकामाच्या भिंतीचाही मी भरवसा धरणार नाही.

मी पहिली बर्स्ट टेस्ट, म्हणजे रोटर मुद्दाम फुटेपर्यंत फिरवायची चाचणी, पाहिली तेव्हा मी तिशीत होतो. स्पिन पिट म्हणजे जमिनीखालची जाड पोलादी विहीर, वर कित्येक टनांचं झाकण, आतली हवा पंपाने काढून टाकलेली. आम्ही शेजारच्या खोलीत स्क्रीनकडे बघत होतो. आकडा चढत गेला आणि एका क्षणी थेट शून्यावर आला. आवाज फार मोठा झाला नाही. पायाखाली कोणी जड पोतं टाकावं तसा एक धप्प धक्का आला आणि टेबलावरच्या कपातला चहा हलला. अर्ध्या तासाने झाकण उचललं. आतल्या अस्तरात हाताच्या पंजाएवढा तुकडा असा रुतला होता की तो छिन्नीने काढावा लागला. तो रोटर तुमच्या डिस्कच्या दहाव्या भागाएवढाही जड नव्हता.

कार्बन फायबरचा रोटर फुटतो तेव्हा चित्र वेगळं असतं. मोठे तुकडे उडत नाहीत. धागे सुटतात, आतल्या आत घासले जातात आणि पीठ होतं. झाकण उघडल्यावर आत काळा कापूस भरल्यासारखं दिसतं आणि त्याची खाज दोन दिवस हातावरून जात नाही. म्हणून कार्बन जास्त सुरक्षित असं म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण पूर्ण नाही. फिरणारी वस्तू क्षणात थांबली की तिचा पीळ कवचाला मिळतो. समजा १० लाख जूल साठवणारा रोटर ३०,००० आरपीएमवरून दशांश सेकंदात अडकून थांबला. कवचाला सहा हजार न्यूटन-मीटरच्या वर पीळ बसतो. कवच फुटलं नाही तरी त्याचे बोल्ट तुटून सगळं कवचच गाडीच्या सांगाड्यात गरकन फिरू शकतं. माझ्या कामात कवचाची जाडी ठरवायला जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त वेळ ते कशावर आणि कसं बांधायचं यात जातो. नवीन डिझायनर नेमकं हेच विसरतात.

‘मग जाड कवच करू’ हा पुढचा विचार येतो, म्हणून विमानाचं उदाहरण देतो. जेट इंजिनाचं एखादं पातं तुटलं तर आवरणाने ते अडवलंच पाहिजे असा नियम आहे. पण पाती बसवलेली अख्खी डिस्क फुटली तर ती अडवण्याची सक्ती नाही, कारण तेवढं जाड आवरण घेऊन विमान उडणार नाही. तिथे सगळा भर डिस्क फुटूच नये यावर असतो: फोर्जिंगची परीक्षा, अल्ट्रासॉनिक तपासणी, ठराविक फेऱ्यांनंतर डिस्क बदलणं. एवढं करूनही १९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क फुटली. धातू ओततानाच राहिलेल्या एका दोषातून वर्षानुवर्षं भेग वाढत गेली होती आणि तपासणीत ती सुटली होती. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा कापल्या, अमेरिकेतल्या सू सिटी इथे विमान कोसळलं आणि ११२ माणसं गेली. तुमची प्लेट बाजारातून आलीय. तिच्या पोटात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही.

आता जे यशस्वी झालं ते सांगतो, कारण त्यातूनच मर्यादा स्पष्ट होते.

स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीने १९४० च्या दशकात जायरोबस बनवली. बसच्या पोटात दीड टनाचं, १.६ मीटर व्यासाचं पोलादी फ्लायव्हील आडवं निजवलेलं, हवेचा रोध कमी व्हावा म्हणून हायड्रोजन भरलेल्या कवचात, ३,००० आरपीएमला फिरणारं. थांब्यावर बस आली की छतावरचे तीन दांडे वर जाऊन विजेच्या खांबाला टेकायचे आणि अर्ध्या ते तीन मिनिटांत फ्लायव्हील पुन्हा वेग घ्यायचं. सपाट रस्त्यावर सहा किलोमीटरपर्यंत बस चालायची. इव्हर्डन गावात १९५३ ते १९६० अशी तिची सेवा झाली. बेल्जियममधल्या गेंटमध्ये आणि त्या वेळच्या बेल्जियन काँगोच्या लिओपोल्डव्हिल शहरात, म्हणजे आजच्या किन्शासात, तिची सेवा काही वर्षांतच बंद पडली. कल्पना चालली, पण दीड टन लोखंड दिवसभर गोल फिरवत आणि शिवाय उचलून नेण्यात वीज फार जायची.

पुढची मोठी उडी शर्यतीत झाली. २०१० मध्ये पोर्शने ९११ जीटी३ आर हायब्रिड ही गाडी आणली. तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी, प्रवाशाच्या जागी फ्लायव्हील होतं, वेग ४०,००० आरपीएमपर्यंत. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती गाडी कित्येक तास पुढे होती आणि शेवटी बंद पडली ती पेट्रोल इंजिनामुळे. ऑडीने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची शर्यत फ्लायव्हीलवाल्या हायब्रिड गाडीने जिंकली. मला या गोष्टीचा शेवट जास्त शिकवणारा वाटतो. नियमांनी फेरीमागे जास्त ऊर्जा वापरायला वाव दिला, ऑडीला २०१६ मध्ये ६० लाख जूलच्या गटात जायचं होतं, आणि तेव्हा त्यांनी फ्लायव्हील काढून लिथियम बॅटरी बसवली. ६० लाख जूल म्हणजे दीड युनिटाच्या थोडं वर. जगातल्या उत्तम रोटरवाल्यांनाही दीड युनिटासाठी बॅटरीच सोयीची वाटली.

व्होल्वोनेही २०११ पासून साध्या सेदान गाडीवर चाचण्या केल्या. सहा किलोचं, वीस सेंटिमीटर व्यासाचं कार्बन फायबरचं फ्लायव्हील, निर्वात कवचात, ६०,००० आरपीएम. त्यांनी इंधनात २५ टक्क्यांपर्यंत बचत शक्य असल्याचं सांगितलं. ती गाडी पेट्रोलची होती, हे लक्षात ठेवा.

ब्रिटनमध्ये स्टॉरब्रिज इथे सव्वा किलोमीटरच्या छोट्या रेल्वेमार्गावर २००९ पासून फ्लायव्हीलवर चालणारे हलके डबे धावतात. अर्धा टन वजनाचं, एक मीटर व्यासाचं फ्लायव्हील, जास्तीत जास्त २,६०० आरपीएम आणि त्याला वेग द्यायला एक लहान गॅस इंजिन. तिथे का जमतं ते बघा. दोनच थांबे, तोच मार्ग, रुळावर खड्डे नाहीत, वेग कमी, आणि डब्यात बॅटरी मुळात नाहीच.

हाच सगळ्याचा गाभा आहे. फ्लायव्हील ताकद झटकन देणारं आणि झटकन घेणारं साधन आहे. साठा मोठा ठेवणं हे त्याचं काम नाही. ज्या गाडीत ब्रेकची ऊर्जा ठेवायला दुसरी जागाच नाही, पेट्रोलची, डिझेलची, गॅसची, तिथे फ्लायव्हीलने फरक पडतो. विजेच्या गाडीत ती जागा आधीच आहे. पन्नासच्या वेगातली सोळा टनांची बस थांबवली तर ०.४३ युनिट ऊर्जा सुटते. अडीचशे युनिटांच्या बॅटरीला ते हजारातले दोनसुद्धा नाही; तिला त्याचा त्रास होत नाही, तिचं आयुष्यही त्याने कमी होत नाही. तुमच्या रिक्षातही तेच. सात-आठ युनिटांची बॅटरी सिग्नलवरच्या ब्रेकची ऊर्जा सहज गिळते. तिच्याकडून काढून घेण्यासारखं कामच फ्लायव्हीलला उरत नाही. बॅटरी अर्धी करून वर फ्लायव्हील ठेवलंत, तर उरलेल्या अर्ध्या बॅटरीवर उलट दुप्पट भार येईल आणि ती जास्त तापेल. ज्या धुराला गिऱ्हाईक घाबरलं, त्याच्या जवळच आपण जाऊ.

ज्यांची गाडी खूप जड आहे, बॅटरी मुद्दाम लहान ठेवलीय आणि दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. बंदरातली क्रेन, खाणीतली गाडी. मी एकच नियम सगळ्यांवर लावत नाही. तीनचाकीवर मात्र मला शंका नाही.

आणखी तीन गोष्टी आहेत, त्या प्रयोगाशिवाय कळत नाहीत.

पहिली हवा. तुमची डिस्क उघड्यावर दहा हजारला फिरवलीत तर दीड किलोवॉटच्या आसपास ताकद नुसती हवा घुसळण्यात जाईल. कुठे पाच मिनिटं थांबलात तर निम्मा साठा गेला. म्हणून निर्वात कवच लागतं. निर्वात केलं की बेअरिंगचं साधं ग्रीस उडायला लागतं आणि रोटर तापला की थंड कसा करायचा हा प्रश्न येतो, कारण उष्णता वाहून न्यायला आत हवाच नाही. कवच थंडगार लागतं आणि आतला रोटर शिजत असतो. व्हॅक्यूम पंप, त्याचा सेन्सर, शाफ्टचं सील. यातलं एक जरी बिघडलं तरी गाडी उभी. आणि एवढं करूनही रात्री भरून ठेवलेलं फ्लायव्हील सकाळी भरलेलं मिळेल अशी खात्री गाडीत बसण्याजोग्या साध्या बेअरिंगवर देता येत नाही.

दुसरी, जायरोस्कोप. लहानपणी सायकलचं सुटं चाक दोन हातांत धरून फिरवलं असेल आणि वळवायला गेल्यावर ते भलतीकडेच झुकलं असेल. तुमची डिस्क रिक्षाच्या चाकासारखी उभी बसवली आणि गाडी जरा झटक्यात वळली, की चारशे न्यूटन-मीटरच्या वर पीळ गाडीला आडवं पाडण्याच्या किंवा दाबण्याच्या दिशेने लागतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला चाळीस किलो टांगल्यासारखं. एका बाजूचं वळण स्थिर वाटेल आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर चाक उचलेल. तीनचाकीला ते परवडत नाही. आडवी निजवून बसवली तर वळण सुटतं, पण मग पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की गाडी बाजूला झुकू पाहते आणि तो सगळा भार बेअरिंगवर येतो. आपल्या रस्त्यांवर दिवसाला असे किती धक्के बसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उलट दिशेने फिरणारी दोन चाकं बसवून हा पीळ एकमेकांत मारता येतो. त्यात वजन, किंमत आणि बिघाडाच्या जागा सगळंच दुप्पट होतं. हीच ऊर्जा दहापट वेगाने फिरणाऱ्या हलक्या रोटरमध्ये ठेवली तर पीळ दहापट कमी होतो, पण त्यासाठी वर सांगितलेली कार्बनची विद्या लागते.

तिसरी, गप्प बसलेली ऊर्जा. उमेदवारीच्या दिवसांत भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी काम करत होतो. पॉवर प्रेसची मोटर बंद केली तरी तिचं फ्लायव्हील कितीतरी मिनिटं फिरत राहतं, आणि चांगलं बॅलन्स केलेलं असेल तर अजिबात आवाज करत नाही. एका कारागिराने मोटर बंद केली, हिरवा दिवा विझलेला पाहिला आणि अडकलेला पत्रा काढायला डायमध्ये हात घातला. क्लच झिजलेला होता, तो धरला गेला. रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकणारा भाग, खाली आला. त्याची दोन बोटं गेली. मी तिथून चार फुटांवर होतो. त्यानंतर आजवर मी कुठल्याही फिरत्या यंत्राचा दिवा बघून हात घातलेला नाही. शाफ्टवर खडूची रेघ मारतो आणि रेघ थांबलेली डोळ्यांनी बघतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये प्रेस असेल तर आजपासून हे करा.

फ्लायव्हीलच्या बाजूनेही बोलायला हवं. बॅटरीत किती ऊर्जा उरलीय याचा अंदाज बांधावा लागतो. फ्लायव्हीलचा वेग मोजला की साठा नेमका कळतो. दुरुस्तीला घेताना ते थांबवलं की खरंच रिकामं होतं, बॅटरीत मात्र शून्य दाखवलं तरी काहीतरी शिल्लक असतंच. शहरातली बस दिवसाला चारशे वेळा थांबत असेल, तर वर्षाला लाखाच्या वर फेऱ्या होतात, आणि नीट डिझाइन केलेला रोटर त्या वर्षानुवर्षं सोसतो. आगीच्या बाबतीत तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. फक्त एवढं की बॅटरी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा धूर, वास, गरमी असा थोडा तरी इशारा मिळतो आणि माणूस उतरून लांब जाऊ शकतो. फ्लायव्हील सगळी ऊर्जा डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडतं.

म्हणून त्याची योग्य जागा गाडीच्या बाहेर, जमिनीत आहे, असं माझं मत आहे. तिथे वजनाची अडचण नाही, धक्के नाहीत आणि काँक्रीटचा खड्डा हेच कवच. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफनटाऊन इथे २०११ पासून २०० फ्लायव्हीलांचं २० मेगावॉटचं केंद्र ग्रिडची फ्रीक्वेन्सी सांभाळायला उभं आहे. लॉस एंजेलिसच्या मेट्रोने २०१४ मध्ये स्टेशनाजवळ २ मेगावॉटची फ्लायव्हीलं बसवली. थांबणाऱ्या गाडीची ऊर्जा घ्यायची आणि सुटणाऱ्या गाडीला द्यायची. जिथे वीजजोडणी लहान आहे आणि फास्ट चार्जरला काही मिनिटं मोठी ताकद हवी, तिथेही हे साधन जमतं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो, कारण गिऱ्हाईक उद्या दारात येणार आहे.

धुराची भीती कमी करायची तर सेल बदला. एलएफपी सेल वापरा आणि पॅक एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाच्या सुधारित नियमांप्रमाणे तपासलेला घ्या. २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतर ते नियम कडक झालेत. सेलमधलं अंतर, तापमानाचे सेन्सर, गॅस बाहेर पडायची वाट या सगळ्याचा त्यात विचार आहे. स्वस्तातले, कुठून आले ते ठाऊक नसलेले सेल जोडून पॅक करू नका. ज्या पॅकमधून धूर निघाला तो अजून शेडमध्ये असेल तर बाहेर, पत्र्यापासून आणि गाड्यांपासून लांब ठेवा. तसे पॅक काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकतात.

घाटासाठी सोपा उपाय आहे. वरच्या गावात रात्री चार्जिंग होत असेल तर बॅटरी पूर्ण भरू नका. ८५ ते ९० टक्क्यांवर थांबवा. शंभर टक्के भरलेल्या बॅटरीला आणखी ऊर्जा घेता येत नाही, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) रिजन, म्हणजे ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणारी वीज, बंद करतो आणि ड्रायव्हरला अचानक वाटतं की गाडी सुटली. ही दहा-पंधरा टक्के मोकळी जागा म्हणजे एक युनिट. उतारावरचं सगळं त्यात मावतं, आणि तुमच्या डिस्कच्या आठपट साठा एक पैसाही खर्च न करता मिळतो. ड्रायव्हरला हे एकदा शेजारी बसून समजावा. ब्रेक शू घाटातल्या गाड्यांचे लवकर तपासा; रिजनवर भरवसा ठेवून ते गंजतात किंवा चकाकी धरतात.

आणि आरटीओचं बघा. रेट्रोफिट किटला, म्हणजे जुन्या गाडीत बसवायच्या मोटर-बॅटरीच्या संचाला, एआयएस-१२३ या मानकाखाली मान्यता लागते. मान्यता असलेल्या किटमध्ये तुम्ही फ्लायव्हील घातलंत तर ती मान्यता राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

भाच्याला प्रयोगाची हौस असेल तर ती मारू नका. सायकलचं चाक घ्या, टायरमध्ये वाळू भरा, एका लहान मोटरने तीनशे आरपीएमला फिरवा, तीच मोटर जनरेटर म्हणून वापरून दिवा लावा आणि किती सेकंद लागतो ते मोजा. हवेत किती गेलं, बेअरिंगमध्ये किती गेलं, सगळं तिथे शिकता येतं आणि संध्याकाळी दोघंही घरी जेवायला जातात. ती चाळीस किलोची डिस्क सरफेस प्लेटसारखी, वेल्डिंगच्या टेबलावर वजन म्हणून वापरा. बोअर आहेच, त्यात पाइप उभा करून पाइप-बेंडिंगचा बेस होईल.

कंट्रोलरचा मॉडेल नंबर, बॅटरीचं व्होल्टेज आणि बीएमएसची चार्जिंग करंटची मर्यादा मला कळवा. कुठल्या घाटात गाडी चालते तेही लिहा. रिजनचा करंट किती ठेवायचा ते आपण त्यावरून काढू.